मिळालं तर?

गोष्ट तशी काहीच नाही. 2025 चा मे संपत आला होता, मी सोलापूरला आईकडे गेले होते आणि घरपट्टीच्या पावतीच्या झेरॉक्स काढायला कोपऱ्यावरच्या दुकानात उभी होते. त्या वर्षी पावसानं कहर केला होता, ज्या महिन्यात आमच्याकडे डांबर चपलेला चिकटतं त्या महिन्यात रस्त्यावर चिखल, आणि दुकानात ओल्या छत्र्यांचा आणि तापलेल्या झेरॉक्स मशीनचा मिळून एक विचित्र वास. हे दुकान म्हणजे नावाला झेरॉक्सचं, खरं काम फॉर्म भरायचं. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, पीएफ, जे म्हणाल ते. त्या दिवसांत सगळी गर्दी अकरावीच्या फॉर्मची होती कारण ऑनलाईन प्रवेश त्याच वर्षी पहिल्यांदा सगळ्या राज्याला लागू झाला होता, आधी पुण्या-मुंबईकडचं दुखणं होतं ते आमच्याकडेही आलं. साईट फिरत होती, पोरं मोबाईल बघत होती, पालक त्या गोल फिरणाऱ्या चकतीकडे देवासारखं बघत होते.

माझ्या पुढे एक मुलगी आणि तिची आई. मुलीच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला दहावीचा निकाल. 84 टक्के. दुकानातला पोरगा बोलका होता, म्हणाला, "भारी मार्क आहेत की, सायन्स मिळतंय. दहा कॉलेजं टाकता येतात, सांग एकेक." मुलगी म्हणाली, "एकच टाका." आणि घराजवळच्या कॉलेजचं नाव सांगितलं, आर्ट्स. पोरानं परत विचारलं, दहा टाकता येतात, पैसे तेच शंभर रुपये, जास्त लागत नाहीत. ती परत, "एकच." आई मध्ये तेलुगूत काहीतरी बोलली, मुलीनं मान हलवली. आता खरं तर माझा काय संबंध, पण मी तोंड घातलंच. म्हटलं, अगं टाकून ठेव ना अजून चार-पाच, खाली राहू देत, मिळालं तर मिळालं. तिनं माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं, रागानं वगैरे नाही, लहान मुलाला समजवावं तसं, आणि म्हणाली, "मॅडम, मिळालं तर?"

पोरानं एकच टाकलं. पावती आली. त्या गेल्या.

मी घरी येऊन चहा प्यायले, आईशी बोलले, जेवले, आणि ते वाक्य काही जाईना. आपल्याला "नाही मिळालं तर" ही भीती माहितीये, सगळं आयुष्य त्याच भीतीवर काढलंय, ॲडमिशन नाही मिळाली तर, नोकरी नाही मिळाली तर. मिळण्याची भीती? पण विचार केला तर ती बरोबरच होती, म्हणजे हिशेब तिचा पक्का होता. लांबचं कॉलेज मिळालं की रोजचं भाडं आलं, सायन्स म्हटलं की क्लास आला, प्रॅक्टिकलला थांबायचं म्हणजे घरी यायला संध्याकाळ, मग दुपारचं घरचं काम कोण करणार. आणि एकदा मिळालेलं सोडलं की घरात ते कायमचं बोलायला राहतं, "मिळालं होतं, नाही पाठवलं." त्यापेक्षा मागितलंच नाही की आईवर दोष येत नाही. सोळा वर्षांच्या पोरीनं एवढा विचार केलेला असणार आणि मी तिला मिळालं तर मिळालं म्हणून सांगत होते. त्या वर्षी राज्याचा दहावीचा निकाल 94.10 टक्के लागला, पेढे वाटतानाचे फोटो आले, त्यात ही पण धरलेली आहे. पास झालेली, चांगल्या मार्कांनी. पुढे कुठल्याही यादीत हिचं काही बिनसलंय असं दिसणार नाही, तिनं आर्ट्स मागितलं आणि तिला आर्ट्स मिळालं.

मला त्या मुलीच्या बोटांकडे बघायचं होतं, पण धीर झाला नाही. सोलापूरच्या पूर्वभागात वाढलेल्या माणसाची ही खोड आहे, पोरीची आधी बोटं बघायची, विड्या वळते का ते.

आमची गल्ली पूर्वभागातली. खाली यंत्रमाग, वर घरं, समोर विडी वळणाऱ्या बायकांची ओळ, उंबऱ्यात पाय पसरून मांडीवर सूप घेऊन बसलेल्या. बाबा एसटीत कंडक्टर, आमच्या गल्लीत ठरलेल्या तारखेला पगार येणारं आमचं बहुतेक एकमेव घर. मागांचा आवाज म्हणजे काय ते लिहून कळणार नाही, खटाक खटाक खटाक, भिंतीत, पाण्याच्या हंड्यात, दातांत. आम्ही त्यातच झोपायचो, पाहुणे आले की त्यांना झोप यायची नाही आणि आम्हाला त्याचं हसू यायचं. माझी दहावी 2007 ची, लोडशेडिंगचे दिवस. लाईट गेली की सगळे माग एकदम बंद, अशी शांतता की कानात शिट्टी वाजायची. अभ्यासाला किती छान, पण अंधार. लाईट आली की आवाज आला. शांतता आणि उजेड हे दोन्ही एका वेळी आमच्या गल्लीत मी फारसे बघितलेच नाहीत. पुढे पुण्यात पहिल्यांदा एका लायब्ररीत जाऊन बसले तेव्हा मला वाचताच येईना, इतकं शांत होतं.

समोरच्या घरात अक्का. तिचं नाव लिहीत नाही, तिला चालणार नाही. माझ्याच वर्गात होती पण एक वर्षानं मोठी, मध्ये धाकटा भाऊ झाला तेव्हा तिची एक इयत्ता गेली होती, म्हणून आम्ही सगळ्याच तिला अक्का म्हणायचो. वडील मागावर बारा तास, आई विड्या. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि भूमितीत तिच्यासारखं डोकं मी नंतरही फार कमी लोकांत बघितलं. हजार विड्या एका बाईनं एकटीनं एका दिवसात उरकणं म्हणजे कंबर मोडते, त्यामुळे हजार विड्या "आईच्या" म्हणायच्या पण हात घरातल्या सगळ्यांचे. रात्री पानं भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची, मग तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं, पंचवीसचं बंडल. अक्का शाळेच्या आधी तीनेकशे वळायची आणि शाळेतून आल्यावर उरलेल्या. आणि अभ्यास? तोही त्याच वेळी. पुस्तक पाण्याच्या कळशीला टेकवून उभं करायची, हात सुपात, डोळे पुस्तकात. मी समोर बसून पानं उलटायचं काम करायचे. "पान" म्हणाली की मी पुस्तकाचं पान उलटायचे आणि तिला तेंदूचं हवं असायचं, मग दोघी हसायचो. प्रमेयं अशी म्हणायची, पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, विडी वळायच्या तालावर, की आजही मला पायथागोरस आठवला की तंबाखूचा वास येतो. भूमिती मला तिनं शिकवली, सरांनी नाही.

त्या वासाचंही होतंच. तिच्या वह्यांना वास यायचा, वेणीला यायचा, आणि वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या दोन-तीन मुली ओढणी नाकाला लावायच्या. मी तिच्या शेजारी बसायचे. पण खरं सांगायचं तर शाळेतल्या एका कार्यक्रमाला, जिल्ह्याहून कोणी पाहुणे येणार होते, तेव्हा मी जागा बदलून बसले. तिनं काही विचारलं नाही. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाहीये, तिलाही नाही, पण तिला ते माहीत असणारच.

तोंडी विचारलं की अक्का वर्गात पहिली. पेपरात मागे. सर म्हणायचे घाबरते, आई म्हणायची नजर लागते, मलाही तेच वाटायचं. खरं कारण मला कितीतरी वर्षांनी कळलं, एकदा बसमध्ये बसलेली असताना, असंच. तिनं दोन वर्षं सगळा अभ्यास वाचून केला होता, लिहून कधी केलाच नव्हता. लिहायला हात लागतात आणि हात सुपात होते. मी घरी जुन्या ट्रंकेवर चादर टाकून रोज दोन तास उत्तरं लिहून काढायचे, बाबा ड्युटीवरून येऊन घड्याळ लावायचे. बोर्डाच्या पेपरात माझा हात आपोआप पळत होता. हॉलमध्ये पोरं "सर पुरवणी, सर पुरवणी" ओरडत होती, मी पण दोनदा मागितली, आणि पुढच्या बाकावर अक्का एकेक अक्षर कोरत बसलेली, विडीचं तोंड मुडपावं तसं. सगळ्या पेपरांत मिळून तिनं एकही पुरवणी घेतली नाही. मला 76 टक्के, तिला 61. निकालाच्या दिवशी म्हणाली, "येत होतं गं सगळं. वेळ संपला."

आता हे कुठल्या कागदावर लिहिणार? फी नव्हती म्हणून शाळा सुटली असं तिचं काही झालं नाही. मुलींना शाळेत फी नव्हतीच. पुस्तकं होती. शिक्षक वाईट नव्हते. आई-बाप शिकू नको म्हणत नव्हते, उलट तिचे वडील तिच्या निकालाचा कागद लॅमिनेट करून आले होते. गरिबी म्हटलं की आपल्याला उपाशी पोट आणि फाटकं दप्तर आठवतं. आणि इथे सगळं असूनसुद्धा तिचे पंधरा टक्के हळूहळू, रोज तीनशे-तीनशे करत, सुपात गेले.

शाळेत आम्हाला दरवर्षी 14 एप्रिलच्या आसपास भाषणं असायची, बाबासाहेब कसे शिकले, परळच्या चाळीतली एक खोली, त्यात भांडीकुंडी, माणसं, वडील पहाटे दोनला उठवायचे. आणि मग सर आमच्याकडे बघून म्हणायचे, परिस्थितीचं कारण सांगू नका. मला तेव्हाही त्यात काहीतरी खटकायचं पण शब्द सापडायचे नाहीत. आता वाटतं, त्या गोष्टीतला दिवा आम्हाला सांगितला, दिव्याभोवतीची माणसं नाही सांगितली. रामजी सुभेदार स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, अभ्यास म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं. पोराच्या पुस्तकांसाठी ते लेकींकडे जाऊन दागिने मागून आणायचे आणि गहाण टाकायचे. पुढे सयाजीरावांची महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती होती. एवढं सगळं असून त्या माणसाचं मोठेपण तसूभर कमी होत नाही, पण एकट्या जिद्दीवर झालं असं सांगून आमच्या माथी जिद्द मारली जायची. अक्काचे वडील पण पहाटे उठवायचे तिला. पानं कापायला. त्यांना दुसरं कशासाठी उठवायचं असतं हे दाखवणारं कुणी आजूबाजूला नव्हतं. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहांचा सपाटा लावला तो उगाच नाही. पोराला शाळा दिली तरी संध्याकाळी ते घरीच जाणार आहे, हे त्या राजाला कळलं होतं.

आणि मी तरी काय वेगळी. गल्ली मलाही लागलीच ना. आमच्या घरात भूक नव्हती, पगाराची तारीख होती, जूनमध्ये गाईड विकत मिळायचं. तरी बारावीनंतर मी बीकॉम का केलं, तर ते कॉलेज बाबांच्या एसटीच्या रूटवर होतं. बास, एवढंच कारण. गल्लीत बारावीच्या पुढं गेलेलं माणूसच नव्हतं, विचारायचं कुणाला. पुण्यात नोकरीला लागल्यावर रूमवर एक मुलगी होती, तिनं एकदा सहज विचारलं, "तू सीपीटी का नाही दिलीस गं?" मला वाटलं ती सीईटी चुकून सीपीटी म्हणाली, म्हणून मी म्हटलं सायन्स नव्हतं ना माझं. ती हसली. मग मी रात्री मोबाईलवर शोधलं, सीएची प्रवेश परीक्षा. तोपर्यंत सीए म्हणजे टॅक्सच्या ऑफिसात असतात ते काळ्या कोटातले, एवढंच मला माहीत. मला वाईट वाटलं की राग आला माहीत नाही, पण मी त्या मुलीशी दोन दिवस नीट बोलले नाही. तिचा काही दोष नव्हता. तिच्या घरी जेवताना या गोष्टी बोलल्या जायच्या, आमच्या घरी उद्याची ड्युटी सकाळची की रात्रीची हे बोललं जायचं.

झेरॉक्सच्या दुकानाचं आईला सांगितलं तर आई म्हणाली, अक्काला भेटून ये की, घरकुलात असते आता. कुंभारीचं विडी घरकुल, 2006 मध्ये दहा हजार घरं विडी कामगार बायकांना मिळाली तेच. सासूच्या नावावरचं घर. मी शेअर रिक्षानं गेले. अक्का दारातच बसलेली, मांडीवर सूप, केस थोडे पिकलेत, बाकी तीच. "ये की, बस," म्हणाली, जणू काल भेटलो होतो. चहा झाला, कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाची चटणी समोर आली, मी नको म्हणताना. मग मी तिला ती मुलगी सांगितली. मला वाटलं हळहळेल. ती म्हणाली, "बरोबर केलं की पोरीनं."

"अगं पण 84 टक्के आहेत तिला."

"मग? टक्क्यावर बसून जायचं काय कॉलेजला?"

मला थोडा रागच आला. म्हणजे तिनं तरी माझ्या बाजूनं बोलायला पाहिजे होतं असं काहीतरी. पण ती आपली वळत होती. तिची मुलगी आत होती, आठवी झालेली, जूनमध्ये नववी. अक्का म्हणाली, "आतापर्यंत बरं होतं, पुस्तकं शाळेतनं यायची, खिचडी असायची. नववीपासनं दोन्ही बंद." मी हे कधी एकत्र लक्षातच घेतलं नव्हतं. फुकट पुस्तकं आठवीपर्यंत, पोषण आहार आठवीपर्यंत, सक्तीच्या शिक्षणाचा कायदा चौदा वर्षांपर्यंत. आणि चौदा पूर्ण झाली की धोक्याचं नसलेलं काम पोराला द्यायला कायद्याची हरकत नाही. एकाच जूनमध्ये एका बाजूचं सगळं संपतं आणि दुसरी बाजू उघडते. विडी कामगारांच्या मुलांना सरकारी शिष्यवृत्ती असते ना, मी विचारलं, माझी अक्कल. "असती. कार्डवाल्याला. कार्ड सासूचं आहे, मी वळते तिच्या कार्डावर." आणि आठवीतली ती एनएमएमएसची परीक्षा, महिन्याला हजार रुपये मिळतात ती? ती मुलीनं दिली होती. थोडक्यात राहिली. हे सांगताना अक्काचे हात पहिल्यांदा थांबले.

मग तिनं मुलीला बाहेर बोलावलं, म्हणाली, दाखव मावशीला. मुलीनं वही आणली. जुन्या आठवीच्याच पुस्तकातली गणितं, सुट्टीत, पानं-पानं भरलेली, प्रत्येक पानाच्या वर वेळ लिहिलेली. सुरू 3.10, संपलं 3.52. खाली परत तेच गणित, परत वेळ. "वाचू नको म्हणते मी हिला," अक्का म्हणाली, "वाचून काय होतंय. लिही. मोबाईल लावून लिही." मी वही बघत राहिले. तिच्या निकालाबद्दल, पुरवणीबद्दल आम्ही कधीच बोललो नव्हतो, त्या बसमध्ये मला जे सुचलं ते मला वाटत होतं फक्त मलाच माहीत आहे. वहीला वास तोच होता.

पाच वाजले तशी मुलगी कुणी न सांगता उठली, फडक्यातली पानं घेतली आणि कात्री घेऊन आईच्या शेजारी बसली. मी बघतेय हे अक्कानं बघितलं. "कापती फक्त," ती म्हणाली. "वळू देत नाही. तंबाखूला हात नाही." मी काही बोलले नाही. मला वाटलं मी काहीही बोलले तर चुकीचंच असेल. निघताना तरी राहवलं नाही, शहरातल्या एका कॉलेजचं नाव घेतलं, दहावीनंतर तिथं टाक हिला, मी बघते काय लागेल ते. अक्कानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कितीला भरतं?" मी म्हटलं, साडेसात असेल बहुतेक. "इथली रिक्षा भरली की सुटती," ती म्हणाली. "सकाळची कधी साडेसहाला भरती, कधी आठ."

मी चौकात आले. रिक्षा उभी होती, मागच्या सीटवर एक बाई मोठं बोचकं घेऊन बसलेली, तिच्याशेजारी एक शाळकरी पोरगा. मी बसले. दहा मिनिटं गेली. ड्रायव्हर बाहेर उभा राहून तंबाखू मळत होता. बाई काही बोलत नव्हती, पोरगा खिडकीच्या रेक्झिनचा निघालेला तुकडा सोलत बसला होता. मी घड्याळ बघितलं, आईनं सातला देवळात जायचं म्हणून सांगितलं होतं. अजून दोन पायजेत, ड्रायव्हर आत डोकावून म्हणाला. मी म्हटलं, राहिलेल्या दोन सीटचे मी देते, चला. बाईनं माझ्याकडे बघितलं, बोचकं जरा सरकवलं, आणि रिक्षा सुटली.